बुद्धिमत्तेचे सिद्धान्त आणि बौद्धिक भेदांची कारणमीमांसा : एक चिकित्सक अभ्यास (वाशिम जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मानवी बुद्धिमत्ता ही मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र यांतील सर्वाधिक अभ्यासली गेलेली आणि तितकीच विवाद्य ठरलेली संकल्पना होय. बुद्धिमत्ता एक की अनेक, ती मोजता येते काय, आणि व्यक्तीव्यक्तींत व समूहासमूहांत दिसणाऱ्या तिच्या भेदांचे कारण कोणते, या तीन प्रश्नांभोवती शंभराहून अधिक वर्षांचे विचारमंथन फिरत आले आहे. अध्यापक महाविद्यालयांच्या पाठ्यक्रमांत या सिद्धान्तांचा परिचय करून दिला जातो. परंतु तो बहुधा नावे, सनावळी व व्याख्या यांच्या स्वरूपात. कोणता सिद्धान्त कोणत्या पुराव्यावर उभा आहे आणि वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याविषयी त्यावरून काय म्हणता येते, याची चिकित्सा त्यामानाने कमी होते.

व्यवहारातील मराठीने या प्रश्नाचा निकाल आधीच देऊन ठेवल्यासारखा दिसतो. 'जात्याच हुशार', 'उपजत बुद्धी', 'खाण तशी माती' हे शब्दप्रयोग घराघरांत आणि शिक्षकखोल्यांतही सहज वापरले जातात. 'जात्या' याचा अर्थ 'जन्मतः' असा आहे. पण ज्या समाजात जन्माबरोबर जातही ठरते, तेथे या शब्दाचे दोन अर्थ नकळत एकमेकांत मिसळतात. एखाद्या विद्यार्थ्याला 'ढ' म्हटले जाते तेव्हा त्याच्या आजच्या कामगिरीचे वर्णन केले जात नाही, तर त्याच्या उद्याविषयी भाकीत केले जाते.

वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा हा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख असून पाचांपैकी चाराहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. २०१८ मध्ये केंद्र शासनाने निश्चित केलेल्या आकांक्षित जिल्ह्यांमध्ये महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) यांच्याबरोबर वाशिमचाही समावेश झाला. अशा जिल्ह्यातील मुलांच्या पुढील शिक्षणाची काही महत्त्वाची दारे बुद्धिमापनाच्या प्रश्नपत्रिकेतून उघडतात वा बंद होतात. म्हणूनच चाचणीतील गुण नेमके काय सांगतात, याचा विचार करणे आवश्यक ठरते. चाचणीचा गुण ही एका विशिष्ट वेळच्या, विशिष्ट कौशल्यांतील स्थितीची नोंद असते. त्या स्थितीचे कारण त्या गुणात दिलेले नसते. ही मर्यादा ओलांडून गुणावरून थेट जन्मसिद्ध योग्यतेचा निष्कर्ष काढणे शास्त्रीयदृष्ट्या असमर्थनीय आहे, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

वत्सगुल्म आणि प्रतिभेची प्राचीन चर्चा

आजचे वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराने 'काव्यमीमांसे'त विदर्भातील याच नगरात काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह झाल्याची कथा सांगितली आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकांना ही कथा परिचित आहे. त्याच ग्रंथातील बुद्धीविषयीचे विवेचन मात्र त्यामानाने दुर्लक्षित राहिले आहे. राजशेखर बुद्धीचे स्मृती, मती व प्रज्ञा असे तीन प्रकार मानतो. स्मृती भूतकाळाशी, मती वर्तमानाशी व प्रज्ञा भविष्याशी निगडित आहे. शिष्यांचे वर्गीकरण करताना तो बुद्धिमान, आहार्यबुद्धी, म्हणजे शिकून बुद्धी मिळवणारा, आणि दुर्बुद्धी असे भेद करतो. कारयित्री प्रतिभेचेही सहजा, आहार्या व औपदेशिकी असे तीन प्रकार तो सांगतो.

या विवेचनात आधुनिक आनुवंशशास्त्र शोधणे अनैतिहासिक ठरेल. राजशेखराची 'सहजा' प्रतिभा पूर्वजन्मीच्या संस्कारांतून आलेली आहे, आईवडिलांच्या रक्तातून नव्हे. तथापि दोन बाबी लक्षणीय आहेत. अंगभूत व कमावलेली क्षमता असे दोन्ही प्रकार त्याने एकाच चौकटीत मान्य केले. तसेच, संस्कार हा आत्म्याशी संबद्ध असल्याने तेथे स्त्री-पुरुष असा भेद उरत नाही आणि पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होऊ शकतात, असे त्याने स्पष्टपणे म्हटले. क्षमता उपजत आहे असे मानणारा विचारवंतही ती एखाद्या समूहाची मक्तेदारी मानीलच असे नाही, हे यावरून ध्यानात येते. व्यक्तीची उपजत क्षमता आणि समूहाची उपजत श्रेष्ठता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विसाव्या शतकातील बराचसा वाद हा भेद न पाळल्यामुळे निर्माण झाला.

मापनाचा उगम आणि हेतूतील पालट

आधुनिक बुद्धिमापनाची सुरुवात फ्रान्समध्ये १९०५ साली झाली. नेहमीच्या वर्गात मागे पडणाऱ्या व विशेष शिक्षणाची गरज असणाऱ्या मुलांचा शोध घेण्यासाठी आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमॉन यांनी पहिली मापनश्रेणी तयार केली. १९०८ व १९११ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. बिने यांचा हेतू साहाय्याचा होता. बुद्धी ही ठरावीक व न वाढणारी राशी आहे, या मताला त्यांनी १९०९ च्या ग्रंथात कठोर विरोध केला आणि लक्ष, स्मरण व विचार यांची शक्ती वाढवणाऱ्या मानसिक व्यायामांचा पुरस्कार केला.

पुढील काळात साधन तेच राहिले. हेतू मात्र बदलला. विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वय व शारीरिक वय यांचे गुणोत्तर सुचवले. लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये स्टॅनफर्ड-बिने चाचणी सिद्ध करून बुद्ध्यंक रूढ केला. एकाच आकड्यात मूल बसवण्याची सोय झाल्याबरोबर त्या आकड्याला जन्मजात गुणधर्माचे स्थान मिळाले. टर्मन यांनी तर काही वंशगटांतील मंदपणा वांशिकच असल्याचे अनुमान अत्यल्प पुराव्यावर मांडले. अमेरिकेत 'मंदबुद्धी' ठरवलेल्यांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाला १९२७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. मदतीसाठी घडवलेले साधन वगळण्यासाठी वापरले जाऊ शकते, हा या इतिहासाचा धडा आहे.

मराठी मुलखातील चाचण्या

भारतात सी. हर्बर्ट राइस यांनी लाहोर येथे १९२० च्या दशकात बिने मापनश्रेणीचे हिंदुस्थानी रूपांतर केले. मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचे काम व्ही. व्ही. कामत यांचे आहे. तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड येथे त्यांनी कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी बिने मापनश्रेणीचे रूपांतर केले. त्यावरील त्यांचा लेख १९३४ मध्ये व भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. 'बिने-कामत चाचणी' या नावाने ती पुढे देशभर वापरली गेली. विदर्भाशी थेट संबंध असलेले दुसरे काम ए. जे. मॅलिन यांचे होय. वेश्लर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन श्रेणीचे भारतीय रूपांतर त्यांनी १९६९ मध्ये नागपूर येथे केले. विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या निदानासाठी केंद्र शासनाने २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही मॅलिन मापनश्रेणीचा उल्लेख होता.

या दोन्ही प्रयत्नांचे मोल निर्विवाद आहे. परकीय चाचणीचे नुसते भाषांतर न करता येथील मुलांसाठी प्रश्नांची निवड व प्रमाणीकरण करण्याचे कष्ट त्यांत घेतले गेले. परंतु प्रमाणके ही काळाला व समूहाला बांधलेली असतात. १९३० च्या दशकातील धारवाड किंवा १९६० च्या दशकातील नागपूर यांच्या मापाने आजच्या मानोरा वा रिसोड तालुक्यातील मुलाला मोजताना दोन बाजूंनी चूक संभवते. घरी गोरबोली बोलणाऱ्या बंजारा मुलाला मराठी शब्दसंग्रहाच्या प्रश्नांत अकारण कमी गुण पडू शकतात. उलट, दरम्यानच्या दशकांत समाजाची सरासरी कामगिरी वाढलेली असल्यास जुन्या प्रमाणकांमुळे बुद्ध्यंक फुगून दिसतो आणि ज्या मुलाला खरोखरच साहाय्याची गरज आहे, ते मूल त्या साहाय्याच्या निकषाबाहेर राहते. दोन्ही प्रसंगी नुकसान मुलाचेच होते.

एक की अनेक : सिद्धान्तांचे मूल्यमापन

चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये निरनिराळ्या विषयांतील गुणांचा परस्परांशी धन सहसंबंध असल्याचे दाखवून त्यामागे एक 'सामान्य घटक' असल्याचे प्रतिपादन केले. थर्स्टन यांनी १९३८ मध्ये सात प्राथमिक क्षमता मांडल्या. रेमंड कॅटेल यांनी प्रवाही व घनीभूत असा भेद केला. नव्या समस्येशी भिडण्याची शक्ती ती प्रवाही, तर ज्ञान व अनुभव यांतून साठत गेलेली ती घनीभूत बुद्धिमत्ता. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये प्रारंभी सात बुद्धिमत्तांचा, तर रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी १९८५ मध्ये विश्लेषक, सर्जक व व्यावहारिक अशा त्रिविध बुद्धिमत्तेचा सिद्धान्त मांडला. ओडिशातून पुढे आलेले जे. पी. दास यांनी नियोजन, अवधान आणि समकालिक व क्रमिक प्रक्रिया यांवर आधारित प्रतिमान विकसित केले. मूल किती गुण मिळवते यापेक्षा ते कसा विचार करते याकडे हे प्रतिमान लक्ष वेधते.

यांपैकी गार्डनर यांचा सिद्धान्त शिक्षकवर्गात विशेष लोकप्रिय झाला. प्रत्येक मूल कशात तरी हुशार असते, ही त्यातील भावना स्वागतार्ह आहे. तथापि सिद्धान्त म्हणून त्याचा पाया भक्कम नाही. भाषिक, तार्किक व अवकाशीय क्षमता परस्परांपासून स्वतंत्र असल्याचे घटक विश्लेषणातून सिद्ध होत नाही; त्यांच्यातील धन सहसंबंध पुनःपुन्हा आढळतो. शिवाय हा सिद्धान्त नकळत एक सोयीची पळवाटही देतो. गणितात मागे पडलेल्या मुलाला 'तुझी बुद्धिमत्ता वेगळी आहे' असे सांगितले की गणित शिकवण्याची जबाबदारी संपते. खेळात चपळ असणाऱ्या तांड्यावरील मुलाला शारीरिक बुद्धिमत्तेचे प्रमाणपत्र देऊन भाषेच्या तासाला मागच्या बाकावर बसवणे हा त्याचा गौरव नव्हे.

स्पिअरमन यांच्या सामान्य घटकाचीही तेवढीच चिकित्सा आवश्यक आहे. सहसंबंध हे निरीक्षण आहे. त्यामागे मेंदूतील एकच शक्ती आहे, हा त्याचा एक संभाव्य अर्थ आहे. चांगले पोषण, घरातील पुस्तके आणि नियमित शाळा यांमुळे अनेक क्षमता एकाच वेळी वाढत असतील, तरीही तोच सहसंबंध दिसेल. म्हणजेच सामान्य घटक मान्य केल्याने त्याचे मूळ कोणते, हा प्रश्न सुटत नाही.

आनुवंशिकता : आकड्याचा नेमका अर्थ

बौद्धिक भेदांत आनुवंशिकतेचा वाटा आहे, हे नाकारणे आज शक्य नाही. सिरिल बर्ट यांच्या जुळ्यांवरील आकडेवारीची विश्वासार्हता १९७० च्या दशकात ढासळली. परंतु त्यानंतर स्वतंत्रपणे झालेल्या जुळ्यांच्या व दत्तक मुलांच्या अभ्यासांतूनही हा वाटा दिसून आला. चार देशांतील सुमारे ११,००० जुळ्यांच्या जोड्यांवरील २०१० च्या अभ्यासात हे प्रमाण नवव्या वर्षी ४१ टक्के, तर सतराव्या वर्षी ६६ टक्के आढळले. २०१८ मधील २,६९,८६७ व्यक्तींच्या जनुकीय अभ्यासात बुद्धिमत्तेशी संबंधित २०५ स्थाने आढळली. मात्र या जनुकीय माहितीवरून नव्या व्यक्तींच्या बुद्धिमत्तेतील जेमतेम ५ टक्के फरकांचेच स्पष्टीकरण देता आले. एकट्या मुलाचे भविष्य जनुकांवरून वाचता येईल, अशी स्थिती नाही.

आनुवंशिकतेचे ६६ टक्के प्रमाण म्हणजे एखाद्या मुलाची ६६ टक्के बुद्धी आईवडिलांकडून आली, असा अर्थ होत नाही. एका विशिष्ट समूहात, विशिष्ट परिस्थितीत, व्यक्तीव्यक्तींतील फरकांपैकी किती फरक जनुकीय फरकांशी निगडित आहेत, एवढेच ते प्रमाण सांगते. परिस्थिती बदलली की प्रमाण बदलते. सर्व मुलांना सारखी शाळा व सारखा आहार मिळाला, तर परिसरजन्य फरक कमी होऊन आनुवंशिकतेचे प्रमाण उलट वाढते. अमेरिकेतील सात वर्षांच्या जुळ्यांवरील २००३ च्या एका अभ्यासात गरीब कुटुंबांत जनुकांचा वाटा जवळजवळ शून्य, तर सुस्थित कुटुंबांत मोठा आढळला. २०१६ मधील एकत्रित विश्लेषणात हा परिणाम अमेरिकेत दिसला. पश्चिम युरोप व ऑस्ट्रेलियात दिसला नाही. सामाजिक सुरक्षा व शाळांची समानता जेथे अधिक, तेथे गरिबी मुलाच्या क्षमतेवर तेवढा पडदा टाकत नसावी, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

समूहासमूहांतील भेदांबाबत तर हे प्रमाण काहीच सांगत नाही. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये बियाण्याच्या दृष्टान्ताने हा मुद्दा मांडला. वाशिमच्या शेतकऱ्याला तो सहज पटावा असा आहे. निरनिराळ्या वाणांची सरमिसळ झालेल्या तुरीच्या एकाच पोत्यातून दोन ओंजळी बियाणे घेतले. एक ओंजळ काळ्या कसदार, ओलिताच्या जमिनीत आणि दुसरी मुरमाड बरड जमिनीत पेरली. प्रत्येक वावराच्या आत जमीन व पाणी सर्व झाडांना सारखे आहे. म्हणून तेथील उंच-ठेंगण्या झाडांतील फरक पूर्णतः बियाण्याचा आहे. परंतु दोन वावरांच्या सरासरीतील फरक पूर्णतः जमिनीचा आहे. आर्थर जेन्सन यांनी १९६९ मध्ये व हर्नस्टाइन-मरे यांनी १९९४ मध्ये केलेल्या प्रतिपादनांवरील मुख्य आक्षेप हाच आहे. समूहाच्या आतील आनुवंशिकतेवरून समूहासमूहांतील अंतराचे कारण ठरवता येत नाही.

परिसराचे सामर्थ्य

जेम्स फ्लिन यांनी १९८७ मध्ये चौदा देशांतील आकडेवारीवरून दाखवले की बुद्धिमापन चाचण्यांतील सरासरी कामगिरी पिढीगणिक वाढत गेली. नेदरलँड्समध्ये सैन्यभरतीच्या तरुणांचा बुद्ध्यंक १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत सुमारे २० गुणांनी वाढला. इतक्या अल्पावधीत लोकसंख्येची जनुके बदलत नाहीत. ही वाढ शब्दसंग्रह व अंकगणितापेक्षा आकृतींवर आधारित, संस्कृतिनिरपेक्ष समजल्या जाणाऱ्या चाचण्यांत अधिक होती, हे विशेष. अमूर्त आकृतींचे वर्गीकरण व त्यांतील नियम शोधणे ही शाळा व आधुनिक जीवनपद्धती यांतून मिळणारी सवय आहे, असे फ्लिन यांचे स्पष्टीकरण आहे. नॉर्वेमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर जन्मलेल्या पिढ्यांत उलट घट दिसली आणि तीही एकाच कुटुंबातील भावाभावांत आढळली. वाढ असो वा घट, दोहोंच्या मुळाशी परिसर असल्याचे यावरून दिसून येते.

शालेय शिक्षणाचा परिणाम तर थेट मोजला गेला आहे. सहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारित २०१८ च्या विश्लेषणानुसार शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे बुद्ध्यंकात सुमारे १ ते ५ गुणांची भर पडते. जमैकातील किंग्स्टन शहरात वाढ खुंटलेल्या १२९ बालकांवर झालेला प्रयोग याहून उद्बोधक आहे. ज्या बालकांच्या मातांना घरी येऊन मुलांशी खेळण्या-बोलण्याचे मार्गदर्शन केले गेले, त्यांचा बौद्धिक लाभ दीर्घकाळ टिकला आणि वीस वर्षांनंतर त्यांची कमाई सुमारे २५ टक्क्यांनी अधिक असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची वाढ खुंटलेली होती व सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील सुमारे ६९ टक्के बालकांत रक्तक्षय होता. दहाव्या वर्षी निवड परीक्षेला बसणाऱ्या मुलाची तयारी वयाच्या पहिल्या हजार दिवसांतच सुरू झालेली असते, हे येथे विसरता येत नाही.

समूहभेदांचा प्रश्न : मराठी विचारविश्वातील तीन भूमिका

मराठी विचारविश्वाला हा वाद नवा नाही. ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये इंग्रजीतून लिहिलेल्या ग्रंथात भारतात सुप्रजननाची चळवळ उभारण्याचा पुरस्कार केला. त्याच सुमारास इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी.साठी संशोधन करीत होत्या. युरोपीयांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत अधिक असमानता असते व ती त्यांच्या श्रेष्ठ तर्कबुद्धीशी संबंधित आहे, असे फिशर यांचे गृहीतक होते. कर्वे यांनी १४९ कवट्यांची मापे घेतली. वंश व असमानता यांत संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी मार्गदर्शकांच्या मताविरुद्ध नोंदवला. मोजमापाची शिस्त प्रामाणिकपणे पाळली तर ती पूर्वग्रहाला बाध आणू शकते, याचे हे मराठी उदाहरण होय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या प्रबंधात सुप्रजननाच्या आधारे केलेले जातीचे समर्थन खोडून काढले. त्याच प्रबंधात त्यांनी माणसाचे सामर्थ्य शारीरिक आनुवंशिकता, पालकांची देखभाल, शिक्षण व संचित ज्ञान यांच्या रूपाने मिळणारा सामाजिक वारसा आणि स्वतःचे प्रयत्न या तीन गोष्टींवर अवलंबून असल्याचे सांगितले. या तिन्ही बाबतींत माणसे असमान असतात, हे त्यांनी निःसंदिग्धपणे मान्य केले. तरीही शर्यतीच्या प्रारंभी सर्वांना शक्य तितके समान करणे हेच समाजाच्या हिताचे आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अन्यथा ज्यांना जन्म, शिक्षण व संपत्ती यांचा लाभ आधीच मिळाला आहे, त्यांचीच निवड होत राहील. आनुवंशिकता मान्य करूनही समतेचा आग्रह कसा धरता येतो, याचे इतके नेमके विवेचन त्या काळच्या पाश्चात्त्य मानसशास्त्रातही विरळाच आढळेल.

या विवेचनाला पुढे प्रयोगाचेही बळ मिळाले. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील शाळकरी मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा तथाकथित उच्च व निम्न जातींच्या मुलांच्या कामगिरीत फरक आढळला नाही. जात सर्वांसमक्ष उच्चारली गेली तेव्हा निम्न मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. काही मिनिटांत मुलांची जनुकेही बदलली नव्हती आणि शिक्षणही. बदलली होती ती केवळ खोलीतील वागणुकीची अपेक्षा.

वाशिम जिल्हा आणि निवडीच्या चाचण्या

वाशिम येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीच्या प्रवेशासाठीच्या निवड परीक्षेत १०० पैकी ५० गुण मानसिक क्षमता चाचणीला असतात. विसंगत आकृती, आरशातील प्रतिमा, आकृतिमालिका, लपलेली आकृती असे तिचे प्रश्नप्रकार आहेत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी ठेवण्याचे धोरण असून, ग्रामीण मुलांची अडचण होऊ नये म्हणून चाचणी वर्गनिरपेक्ष ठेवल्याचे सांगितले जाते. आठवीच्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत निम्मे गुण बौद्धिक क्षमता चाचणीचे आहेत. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा दीर्घकाळ चौथी व सातवीसाठी होती, २०१६-१७ मध्ये ती पाचवी व आठवीकडे नेण्यात आली. तिच्यातही 'बुद्धिमत्ता चाचणी' हा स्वतंत्र घटक आहे.

ग्रामीण भागासाठी राखीव जागांचे धोरण न्याय्यच आहे. आकृतींवर आधारित प्रश्न भाषेचा अडसर कमी करतात, हेही खरे. तथापि फ्लिन यांच्या निष्कर्षांच्या प्रकाशात 'वर्गनिरपेक्ष' हे विशेषण तपासून घ्यावे लागते. सरावाने व सवयीने सर्वाधिक वाढणारे प्रश्न हेच आहेत. मार्गदर्शिका, सराव प्रश्नसंच व शिकवणी वर्ग यांचा मोठा व्यवहार याच गृहीतावर चालतो. 'बुद्धिमत्ता चाचणी' हा जर तयारी करून घेण्याचा विषय असेल, तर तिच्यातील गुण तयारीचेही माप आहेत; आणि तयारी कोणाला मिळते, हे पालकांची ऐपत, शाळेतील एखाद्या कष्टाळू शिक्षकाची उपस्थिती व हंगामी स्थलांतरामुळे बुडणारी शाळा यांवर ठरते. राखीव जागांमुळे ग्रामीण मुलाला प्रवेश मिळतो. परंतु ग्रामीण भागातील नेमक्या कोणत्या मुलाला मिळतो, हा प्रश्न शिल्लक राहतो.

यावरून चाचण्याच रद्द कराव्यात असे मात्र म्हणता येत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या एका मोठ्या शालेय जिल्ह्यात पूर्वी पालक व शिक्षक यांच्या शिफारशीने विशेष प्रज्ञावान मुलांची निवड होत असे. सर्व मुलांची सरसकट प्राथमिक चाचणी सुरू केल्यावर गरीब व अल्पसंख्य कुटुंबांतील निवडल्या गेलेल्या मुलांची संख्या लक्षणीय वाढली, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. ती योजना बंद होताच हा लाभही ओसरला. शिक्षकाच्या नजरेतून निसटलेले मूल चाचणीला सापडू शकते. मात्र त्यासाठी चाचणी अर्ज भरणाऱ्यांपुरती न राहता सर्वांपर्यंत पोहोचली पाहिजे. बिने यांचा मूळ हेतूही याच्या जवळचा होता.

निष्कर्ष

१. बुद्धिमत्तेविषयीचा कोणताही एक सिद्धान्त परिपूर्ण नाही. सामान्य घटकाला सांख्यिकीय आधार आहे, पण त्याचे कारण निश्चित नाही. बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धान्त आकर्षक आहे, पण त्याला पुराव्याचे पाठबळ तोकडे आहे.

२. व्यक्तीव्यक्तींतील भेदांत आनुवंशिकता व परिसर या दोहोंचा वाटा आहे. आनुवंशिकतेचे प्रमाण परिस्थितीनुसार बदलते. जात, जिल्हा वा भाषा यांनुसार दिसणाऱ्या भेदांचे कारण त्यावरून ठरवता येत नाही.

३. जुन्या प्रमाणकांवर आधारित बुद्ध्यंकाचा वापर निदान व प्रमाणपत्र यांसाठी करताना विशेष दक्षता आवश्यक आहे. गोरबोलीसारख्या घरभाषा असणाऱ्या मुलांसाठी अद्ययावत प्रमाणके तयार करणे हे विदर्भातील मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र विभागांना करता येण्याजोगे काम आहे.

४. निवड परीक्षांतील बुद्धिमत्ता चाचणीची ओळख व सराव जिल्ह्यातील प्रत्येक शाळेत, शालेय वेळेत व विनामूल्य मिळणे ही न्याय्य निवडीची किमान अट होय. निवड न झालेल्या मुलांच्या उत्तरपत्रिकांचे विश्लेषण करून त्यांना कोठे मदत हवी हे शोधणे, ही तिची पुढची पायरी आहे.

राजशेखराने आहार्यबुद्धी शिष्याला शास्त्राचा अधिकारी मानले, कारण शिकून येणारी बुद्धीही त्याच्या लेखी बुद्धीच होती. वत्सगुल्माच्या भूमीतील आजच्या अध्यापकासमोर बसलेल्या प्रत्येक मुलाची उपजत क्षमता किती, हे त्याला कोणतीही चाचणी अचूकपणे सांगू शकणार नाही. त्या मुलाला आतापर्यंत काय मिळाले नाही, हे मात्र त्याला पाहता येते. आणि त्यातील काही भाग भरून काढणे हे त्याच्या अधिकारातील काम आहे.